उसनी आई

थंडर बे
९ सप्टेंबर २०१२

प्रिय ओस्मो,

फोन न करता पत्र लिहितेय याचं नवल वाटून घेऊ नकोस. फोनवर तुझं मला अर्धंच ऐकू येतं, आणि घंटा वाजली की विल्हो दार उघडायला धावतो. दारात कोणी नसतं. मग कोण आलं होतं, कोण आलं होतं, असं दिवसभर विचारत बसतो. म्हणून मी फोनची वायरच काढून ठेवलीय.

मंगळवारी तो कामावर गेला. धान्याच्या कोठारावरून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आणि हा कामावर गेला! मी तळघरात कपडे धुवायला टाकत होते. वर येऊन बघते तर हा नाही, डबा नाही, टोपी नाही. बंदरावर त्या बंद पडलेल्या कोठाराच्या फाटकाशी सापडला. अंगात झोपायचा पायजमा, डोक्यावर कामाची टोपी, हातात डबा. डब्यात काय होतं? टीव्हीचा रिमोट. मला बघून म्हणतो, "फाटक उघडत नाहीत लेकाचे. संप आहे का?" मी म्हटलं, "हो, संप आहे. चल घरी." संप म्हटल्यावर स्वारी खूश. जन्मभर युनियनचा माणूस.

गाडीत मात्र मी रडले. त्याने रुमाल दिला आणि विचारलं, "बाई, तुमचं कोणी गेलं का?"

आता मुद्द्याचं. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, एक प्रयोग चालू आहे. विसरायला लागलेल्या माणसांच्या नाकात इन्सुलिन फवारतात. मी म्हटलं, बाई, विल्होला साखरेचा आजार नाही, तो आमच्या आईला होता. त्या हसल्या आणि एक माहितीपत्रक दिलं. त्यात खाली बारीक अक्षरात, ज्यांच्या जुन्या कामावर हे उभं आहे त्यांची नावं होती. त्यात तू! मला एकदम भरून आलं आणि रागही आला. घरात एवढा शहाणा भाऊ असून हे मला परक्या बाईकडून कळावं?

आईला जे मांडीत टोचायचं ते याच्या नाकात कशाला? सोपं करून सांग. प्राध्यापकासारखं नको, भावासारखं सांग.

तुझी,
हेल्वी


टोरांटो
१७ सप्टेंबर २०१२

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. भावोजी पायजम्यात फाटकाशी उभे आहेत, हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही. माझ्या लग्नात रात्र संपेपर्यंत अकॉर्डियन वाजवणारा हाच तो माणूस ना?

सोपं करून सांगतो. इन्सुलिन हा निरोप्या. तो पेशीच्या दारावर थाप मारतो आणि सांगतो, जेवण आलंय, आत घे. आईच्या शरीरात हा निरोप्याच तयार होत नव्हता, म्हणून तो बाटलीतून आणून टोचावा लागायचा. मेंदूचं मात्र याच्यावाचून चालतं, असं आमच्या वेळी सगळे मानायचे. एकोणऐंशी साली आम्ही उंदरांच्या मेंदूत शोधलं, तर तिथेही तीच दारं! आणि जिथे आठवणी तयार होतात तिथे तर दाटीवाटीने. परिषदेत मी हे सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "तरुण माणसा, उंदराचं डोकं नीट धुऊन घेतलं होतंस का? रक्त राहिलं असेल." सगळं सभागृह हसलं होतं.

वय वाढतं तशी मेंदूला ही थाप ऐकू येईनाशी होते. काहींना जरा जास्तच. निरोप्या दारात उभा, आणि आत सगळे बहिरे. मग निरोपे वाढवून बघायचे. पण सुईने दिलं तर अंगातली साखर उतरून माणूस कोसळेल. नाकातून दिलं की ते थेट वर मेंदूकडे जातं. एवढंच.

हे सगळं सरळ आहे असं समजू नकोस. काही इवले किडे असतात, त्यांच्यात हाच निरोप थोडा दाबून टाकला तर ते जवळजवळ दुप्पट जगतात. म्हणजे कमी ऐकलं तर आयुष्य वाढतं, आणि मेंदूने कमी ऐकलं तर ते आयुष्य लक्षात राहत नाही. माझी सगळी नोकरी या एका कोड्यात गेली.

भावोजींचं नाव जरूर घाल. पण एक लक्षात ठेव. निम्म्या लोकांना नुसतं मिठाचं पाणी मिळेल. कोणाला काय मिळतंय ते तुला कळणार नाही, डॉक्टरांना नाही, मलाही नाही. प्रयोग माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या हातात आहे. मी फक्त म्हातारा नातेवाईक.

आईसाठी म्हणून मी या विषयात शिरलो, असं लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे आई मला आठवतच नाही. ओल्या लोकरीचा वास तेवढा आठवतो, आणि तोही तुझ्या कोटाचा असेल.

तुझा,
ओस्मो


थंडर बे
४ नोव्हेंबर २०१२

प्रिय ओस्मो,

कमी ऐकून आयुष्य वाढत असेल तर विल्हो शंभरी गाठणार. मी बोलते त्यातलं निम्मं त्याने लग्न झाल्यापासून ऐकलेलं नाही.

फवारा सुरू झाला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बाटलीला नळी, नळीला टोपण. ते नाकाला लावायचं आणि श्वास घ्यायचा. पहिल्या दिवशी नर्स लॉरेन घरी आली होती. विल्होने तिला विचारलं, "हे काय, तपकीर?" ती म्हणाली, "त्याहून भारी." तेव्हापासून तो त्याला तपकीरच म्हणतो आणि स्वतः मागून घेतो. फवारल्यावर थोडा वेळ मान सरळ ठेवून बसायचं असतं. सकाळी बसतो. संध्याकाळी मात्र उठून घरी जायचं म्हणतो. घरातच असतो, तरी.

सरोवरावरून वारा सुरू झाला. मी वेलदोड्याचा पाव केला होता. तुझ्या वाटणीचाही त्यानेच खाल्ला.

हेल्वी


थंडर बे
२० डिसेंबर २०१२

प्रिय ओस्मो,

नाताळच्या शुभेच्छा. यंदा मी मेणबत्त्या लावल्या नाहीत. तो त्या विझवत फिरतो.

पण एक सांगायचंय. विल्हो बोलायला लागलाय! काल सकाळी कॉफी पिता पिता लहानपणाचं सांगत होता. जंगलातली लाकूडतोड्यांची छावणी, लांबच लांब टेबल, आई पहाटे उठून सगळ्या गड्यांसाठी धिरडी घालायची, आणि एक जण ताटावरच झोपून जायचा, मग त्याची दाढी रश्श्यात बुडायची. सांगता सांगता इतका हसला की कॉफी सांडली. त्याला असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं ते मलाच आठवत नाही.

लॉरेन म्हणाली, चेहऱ्यावर तेज आलंय.

बाकी ठीक. तू एकटा आहेस, सणाला काहीतरी गरम शिजवून खा. डबाबंद सूप नको.

हेल्वी


टोरांटो
६ जानेवारी २०१३

प्रिय ताई,

तुझं पत्र कोटाच्या खिशात घालून हिंडतोय. मला कोणालाही काही सांगायची परवानगी नाही, आणि एका माणसावरून काही सिद्धही होत नाही, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवलं. तरी काल दुकानात, ओळख ना पाळख, एका बाईला मी म्हटलं, "आमचे भावोजी हसले." ती म्हणाली, "अरे वा!"

जोन गेल्यापासून घरात मोठ्याने बोललो नव्हतो. काल बोललो. तिच्या फोटोपुढे उभं राहून त्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना उत्तर दिलं. ते वारले त्याला जमाना झाला, पण उत्तर चांगलं होतं.

त्या काळी आम्ही दोघंच प्रयोगशाळेत असायचो. जोन बर्फ आणायची, मी मोजत बसायचो. दुपारी खिडकीखाली सूप गरम करायचो, हीटरच्या नळीवर. जोन म्हणायची, "लोकांचे नवरे फुलं आणतात, माझा उंदीर आणतो." ताई, तुझ्या पत्रामुळे ते दिवस पुन्हा माझ्या घरात आले.

भावोजी बोलतील ते सगळं लिही. शब्दन् शब्द.

तुझा,
ओस्मो


थंडर बे
२७ जानेवारी २०१३

प्रिय ओस्मो,

थंडी म्हणजे थंडी. सरोवर पार त्या निजलेल्या राक्षसाच्या डोंगरापर्यंत पांढरं.

लिही म्हणालास म्हणून लिहितेय. विल्हो रोज काही ना काही सांगतो. परवा म्हणाला, आई कॉफीच्या भांड्यातच सुई उकळायची, त्यामुळे रविवारच्या कॉफीला दवाखान्याचा वास यायचा, आणि तक्रार केली की ती म्हणायची, "मग चहा पी, साहेबा." आज म्हणाला, कडक थंडीत औषध गोठून वाया जाऊ नये म्हणून आई ती बाटली लोकरीच्या मोज्यात घालून काखेत घेऊन झोपायची. कूस बदलताना झोपेतसुद्धा हात काखेवर. सांगताना त्याने स्वतःचा हात काखेत धरला होता.

तो फार समाधानात असतो रे हल्ली. घरी जायचं म्हणत नाही.

हेल्वी


टोरांटो
५ फेब्रुवारी २०१३

प्रिय ताई,

कसं लिहावं ते कळत नाही, म्हणून सरळच लिहितो.

भावोजी सत्तावन्न साली फिनलंडहून बोटीने आले. तोवर आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. लाकूडतोड्यांच्या छावणीत ते कधी राहिले नाहीत. ते बंदरावर वाढले, कोत्काला. त्यांच्या आईला साखरेचा आजारही नव्हता. मग सुई कोणाची? काखेतली बाटली कोणाची?

ती आपली आई आहे, ताई. ते तुझं लहानपण आहे.

रागावू नकोस. हे सगळं भावोजी खरंच बोलले का? की तू बोललीस, आणि तुला वाटलं की ते बोलले? अशी सरमिसळ व्हायला लागली की काय असू शकतं हे मला चांगलं माहीत आहे, म्हणून विचारतोय. गेल्या महिन्यात तू गॅस चालू ठेवून विसरलीस असं झालंय का? वार, तारीख लक्षात राहते का? लॉरेनला सांग, तुझीही तपासणी करायला. माझ्यासाठी कर.

तुझा,
ओस्मो


थंडर बे
१४ फेब्रुवारी २०१३

ओस्मो,

आज गुरुवार. चौदा फेब्रुवारी. गॅस नाही, माझी शेगडी विजेची आहे, ती तूच घेऊन दिलीस. आता सांग, कोण विसरलं?

तीन दिवस मी तुझ्यावर चिडून होते. मग तुझं पत्र परत वाचलं आणि त्यातली तुझी काळजी दिसली. तेव्हा चुलीवर तापलेलं डोकं खाली उतरवलं. ऐक.

संध्याकाळचा फवारा झाला की तो उठून पळायचा. त्याला बसवून ठेवायला मी गोष्टी सांगायला लागले. आधी त्याच्याच. कोत्का, बोट, आमचं लग्न. तर तो शेजाऱ्यांच्या गोष्टी ऐकाव्यात तसं ऐकायचा, आणि मध्येच विचारायचा, "हा विल्हो कोण? बरा माणूस होता का?" मला ते सहन होईना. म्हणून छावणीच्या सांगायला लागले. आईच्या. त्या तो मान अगदी सरळ ठेवून ऐकायचा. पुन्हा सांग म्हणायचा. मी रोज त्याच त्याच सांगायचे.

आणि एका सकाळी त्यानेच मला धिरड्यांची गोष्ट सांगितली. "माझी आई" म्हणून.

मी म्हटलं, "विल्हो, ती माझी आई."

त्याचा चेहरा असा पडला, ओस्मो. कप खाली ठेवला, सगळ्या खोलीत नजर फिरवली आणि विचारलं, "मग माझी कुठे आहे?"

काय सांगणार होते मी? म्हटलं, "चुकलं माझं. तुझीच ती." त्या दिवसापासून मी एकदाही सुधारलं नाही.

तुला का नाही कळवलं? कळवणार होते. तेवढ्यात तुझं ते पत्र आलं, दुकानातल्या बाईचं, जोनचं. इतक्या वर्षांनी तुझ्या अक्षरात उड्या होत्या. तू लहान असताना सूप आवडलं की टेबलाखाली पाय हलवायचास, तसं ते अक्षर. मग खरं काय ते मी पोटातच ठेवलं. विल्होने सांगितलेलंच लिहिलं, एवढं मात्र खरं. एक शब्द पदरचा घातला नाही.

तपासणी मी करून घेतली, तुझ्या समाधानासाठी. लॉरेन म्हणाली, "हेल्वी, तुम्ही मला पुरून उराल."

हेल्वी


टोरांटो
३ मार्च २०१३

प्रिय ताई,

माफ कर. तू चांगली आहेस हे वाचून आधी मी खाली बसलो, मग उठून भांडी घासली.

आता शास्त्रज्ञ म्हणून एक, भाऊ म्हणून एक.

शास्त्रज्ञ म्हणून: ही काही छोटी गोष्ट नाही. अशा आजारात नवं काही टिकत नाही, आणि भावोजींच्या डोक्यात तुझ्या गोष्टी टिकल्या. औषधामुळे, की तू रोज सांगितल्यामुळे, ते मी सांगू शकत नाही. कोणाच्या बाटलीत काय होतं ते शेवटी उघड करतील, तेव्हा बघू.

भाऊ म्हणून: मला वाईट वाटलं. का ते सांगायला लाज वाटते. काखेतल्या बाटलीचं मला माहीत नव्हतं. कॉफीच्या भांड्याचंही. "मग चहा पी, साहेबा," हे आईचं मी ऐकलेलं पहिलं वाक्य आहे, आणि ते मला भावोजींकडून मिळालं. माझ्या आईच्या आठवणी त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहेत. तू मला कधी का सांगितलं नाहीस?

ओस्मो


थंडर बे
१२ मार्च २०१३

ओस्मो बाळा,

आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा, मी तेरा. तिचं नाव काढलं की तू श्वास कोंडून निळा व्हायचास. बाबा म्हणाले, या घरात तिचं नाव काढायचं नाही. मग तीच सवय लागली. पुढे तू मोठा प्राध्यापक झालास आणि तिच्याबद्दल विचारायला लागलास ते असं: दिवसातून किती वेळा टोचायची, कोणत्या बाटलीतलं, चक्कर यायची का? मी तेवढ्यालाच उत्तरं दिली. ती हसायची कशी, हे तू विचारलंच नाहीस.

ती नाकातून हसायची. घोड्यासारखी. बाबांना लाज वाटायची.

आता विचारत जा. मी आहे तोवर.

हेल्वी


टोरांटो
२१ जून २०१३

प्रिय ताई,

बाटल्या उघडल्या. तुला लॉरेन सांगेलच, पण आधी माझ्याकडून कळावं.

भावोजींना मिठाचं पाणी होतं.

सगळ्यांचे आकडे मिळून पाहिले तर इन्सुलिनवाल्यांमध्ये आणि मिठाच्या पाण्यावाल्यांमध्ये म्हणावा असा फरक नाही. माझी विद्यार्थिनी फोनवर रडली. मी तिला म्हटलं, दार चुकलं नसेल, थाप मारायची रीत चुकली असेल, पुन्हा बघा. ती तरुण आहे, बघेल. मी फोन ठेवला आणि बराच वेळ अंगणात पाइपने पाणी घालत बसलो. नुकताच पाऊस पडून गेला होता, पाणी घालायची काहीच गरज नव्हती.

आणखी एक खरं सांगतो. तुझ्या गोष्टींनी भावोजी बरे होतील असं मी म्हणणार नाही. ते उतरतच जातील. पण हा हिवाळा त्यांनी हसत काढला, आणि तो फवाऱ्याने नव्हे, तू काढून दिलास. हे कुठल्याही नियतकालिकात छापता येणार नाही.

जुलैत येऊ का?

तुझा,
ओस्मो


थंडर बे
२७ जून २०१३

विचारतोस काय? ये. सौनाची वाफेची खोली तापवते. पांघरूण जास्तीचं आहे. विल्हो तुला ओळखणार नाही, त्याचं मनावर घेऊ नकोस. मला तर तो बुधवारीच फक्त ओळखतो, का ते देव जाणे.

हेल्वी


टोरांटो
४ ऑगस्ट २०१३

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो. ब्लूबेरीचा डबा वाटेतच संपला.

तुला तिथे सांगायला जमलं नाही, म्हणून लिहितो. निघायच्या आदल्या दुपारी तू बाजारात गेली होतीस. भावोजी आणि मी मागच्या पायरीवर बसलो होतो, सौना करून, टॉवेल गुंडाळून, दोन उकडलेल्या बटाट्यांसारखे. आठवडाभर ते मला पाहुणा समजत होते. त्या दिवशी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तू फारच लहान होतास. तुला कुठून आठवणार?"

मी म्हटलं, "काय?"

"आई. ती आपल्याला बंदरावर घेऊन गेली होती ते."

मग सांगितलं. वसंतात बर्फ फुटलं त्या दिवशी आई दोघांना घेऊन धक्क्यावर गेली. मी तिच्या पाठीवर, शालीत बांधलेला. वर्षातली पहिली बोट आत येत होती. आईने डोक्याचा रुमाल सोडला आणि हलवायला लागली. बोटीवर तिच्या ओळखीचं कोणी नव्हतं. तरी हलवत राहिली. आणि बोटीने भोंगा वाजवला, तिच्यासाठी! आई इतकी दचकली की दोराच्या वेटोळ्यावरच बसली, आणि बसल्या बसल्या हसत सुटली. भावोजी म्हणाले, "तू रडायला लागलास, भोंग्याने. मी तुझा पाय धरून ठेवला होता, म्हणजे तू घाबरू नयेस." आणि त्यांनी खरंच माझा घोटा धरला. तू फाटक उघडून येईपर्यंत तसाच धरून ठेवला होता.

ताई, हे कधीचं? थंडर बे अजून पोर्ट आर्थर होतं तेव्हाचं का? ही गोष्ट तू मला पत्रात लिहिली नव्हतीस. मी शपथेवर सांगत नाही, मला माहीत आहे डोकं कसं फसवतं. पण भोंगा मला आठवल्यासारखा वाटतोय. छातीत.

तुझा,
ओस्मो


थंडर बे
११ ऑगस्ट २०१३

प्रिय ओस्मो,

तुझं पत्र मी पायरीवर बसूनच वाचलं.

मी ही गोष्ट त्याला सांगितली नव्हती. आई आपल्याला बंदरावर कधीच घेऊन गेली नाही. वसंतात तर नाहीच. ओंडके नदीत सोडायचे दिवस ते, तिला चुलीपुढून मान वर करायला फुरसत नसायची.

ती कोत्काची गोष्ट आहे. ती विल्होची आई. पाठीवर होता तो त्याचा धाकटा भाऊ एर्की, जो पुढे युद्धात बाँब पडला तेव्हा गेला. अठ्ठावन्न साली, फिनिश हॉलच्या मागच्या अंगणात, दोन नाचांच्या मध्ये त्याने मला हे सांगितलं होतं. तेव्हाच मी ठरवलं होतं की याच्याशीच लग्न करायचं. त्यानंतर कितीदा सांगितलं, आणि मग आजारात ती गोष्ट गेली. मी त्याला परत आठवून द्यायला गेले तर शेजाऱ्यांची म्हणून ऐकली. तुझ्याकडे बघून मात्र ती आपली आपण वर आली, भावासकट.

तुला भोंगा आठवतोय म्हणतोस, तर राहू दे आठवत. मी ते सुधारणार नाही. त्याने आपली आई वापरली हिवाळाभर. त्याची तू ठेव.

आज सकाळी मी त्याला विचारलं, "विल्हो, भोंगा कसा वाजला होता रे?" त्याने कप खाली ठेवला, छाती भरून घेतली, आणि असा वाजवला की शेजारीण खिडकीत आली. मला म्हणाला, "आता तू." मग मीही वाजवला.

तुझी,
हेल्वी